पोषणशास्त्राच्या नव्या प्राध्यापकांसाठी

अध्यापन आणि समुदायातील संशोधन ही दोन वेगळी कामे मानून त्यांच्यात वेळेची वाटणी करू नका. विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली देण्यापूर्वी त्यांना स्वतःच्याच मागील 24 तासांच्या आहाराची नोंद करायला लावा, म्हणजे स्वयंपाकातले तेल, पेयातली साखर आणि येता-जाता तोंडात टाकलेले पदार्थ किती सहज विसरले जातात, हे वेगळे शिकवावे लागत नाही. एका दिवसाच्या नोंदीवरून कोणाचाही नेहमीचा आहार ठरत नाही, त्यामुळे निदान काही जणांची मुलाखत दुसऱ्या, सलग नसलेल्या दिवशी पुन्हा घ्यावी.

मोजमापांत मात्र हयगय नको. 6 ते 59 महिने वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरल्यास ते अतितीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. फीत जराशी आवळली गेली तरी बालकाची वर्गवारी बदलू शकते, म्हणून हात सैल सोडलेला असताना, खांदा आणि कोपर यांच्या मध्यबिंदूवर, दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे. असे बालक आढळल्यास त्याला त्याच दिवशी उपचारासाठी पाठवा. शोधनिबंध थांबू शकतो. संख्याशास्त्रज्ञांना भेटायचे ते नमुना ठरवण्याआधी (बहुतेक जण आकडे हाती आल्यावर धावतात), आणि निष्कर्ष प्रथम त्या कुटुंबांना, त्यांच्या भाषेत सांगावेत.