पहिला मेटल डिटेक्टर घेताना

सोन्याचे बारीक कण टिपण्यासाठी ४५ किलोहर्ट्झवर चालणारा 'गोल्ड मॉन्स्टर १०००' हा डिटेक्टर चांगला, हे खरे. पण कोकणात, जिथे जांभ्यात लोह ठासून भरलेले आहे आणि रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज आहे, तिथे जमिनीचाच गोंगाट धातूचा संकेत गिळून टाकतो. म्हणून ग्राउंड बॅलन्सची, म्हणजे जमिनीचा हा गोंगाट वगळण्याची, सोय कशी आहे, हे किमतीच्या आधी विचारावे. ओल्या खाऱ्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचे यंत्र बहुधा उगाचच किणकिणत राहते. पुळणीवर हरवलेल्या अंगठ्याच शोधायच्या असतील, तर मल्टी-फ्रिक्वेन्सीचे, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे, आणि जलरोधक कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती) असलेले यंत्र घ्यावे. शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडीही सोन्यासारखीच वाजते, तेव्हा खणण्याची तयारी हवीच. आणि हो, १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.