रात्री दोन चाळीसला ती जागी का होती?

*ताई, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. मूळचा साताऱ्याचा, इथे येऊन आठ महिने झाले. रोजची ओपीडी शंभरावर. हल्ली निम्मे पेशंट आजाराचं नाव मोबाइलवरून ठरवूनच येतात. परवा एक बाई दीड वर्षाचं पोर घेऊन आली, 'याले ब्लड कॅन्सर हाय का?' म्हणत स्क्रीनशॉट नाकासमोर धरला. तोही रात्री दोन चाळीसचा! पोराचे हातपाय जरा सुजलेले, बाकी काही नाही. मी म्हटलं, डॉक्टर तू की मी? सिरप लिहून दिलं, ती न बोलता निघून गेली. या लोकांना आवरायचं कसं? 'मोबाइलवर पाहून आजार सांगू नये' अशी पाटी लावायचा विचार आहे.*

डॉक्टर, पाटीचं नंतर बघू.

दोन चाळीसपुढे तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंत, म्हणजे तुम्हाला त्याची गंमत वाटली. मी तिथेच अडकले. दिवसभर निंदण करून आलेली बाई त्या वेळी जागी कशाला राहील? पोर रडत असणार. त्याला खांद्यावर टाकून ती अंगणात फेऱ्या मारत असणार. नवऱ्याला उठवलं तर तो म्हणाला असेल, सकाळी पाहू. मग एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात फोन.

'रात्री काय झालं, बाई?' एवढं विचारलं असतंत तर तिनं सगळं सांगितलं असतं. सूज दोन्हीकडे होती का, ताप होता का, पोर हात लावू देत होतं का, याआधी असं कधी झालंय का, घरात आणखी कुणाला काही आहे का. तुम्ही ते सोडून डिग्री काढून दाखवलीत.

मी काही डॉक्टर नाही, पण चाळीस वर्षं या भागात काढलीत. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल गावोगावी माहीत आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि लहान लेकरांचे हातपाय सुजून ठणकतात. साताऱ्याकडे हा आजार तुम्हाला पुस्तकाच्या एखाद्या पानावरच भेटला असेल. (आता मीही पोराला न बघता आजार सांगायला लागले. तुमच्या पाटीखाली मलाही उभं करा.)

असेल किंवा नसेल, पण बघायला तर हवं. सोल्युबिलिटी या पहिल्या साध्या चाचणीला बोटातून थेंबभर रक्त लागतं. ती पॉझिटिव्ह आली तरी पोर नुसतं वाहक आहे (दोष रक्तात, पण आजार नाही) की खरंच आजारी, हे तेवढ्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी करावी लागते, हे तुम्हाला मी काय सांगावं! जुलै २०२३ मध्ये देशभराची सिकलसेल मोहीम सुरू झाली, तीत या आजाराच्या आदिवासी पट्ट्यांतल्या चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे. हे पोर तसंही तुमच्या यादीत येतंच.

माझ्या सासूबाईंच्या काळी असं लेकरू रडलं की 'बाहेरचं हाय' म्हणायचे, लिंबू उतरवायचे, भगताकडे न्यायचे. त्यात आठवडा जायचा. ही बाई रात्री फोनला विचारून सकाळी तुमच्या दारात आली. नाव चुकीचं घेऊन आली असेल, पण आली. आणि न बोलता गेली याचा अर्थ तिला पटलं असा तुम्ही घेतलात. अहो, ती ब्लड कॅन्सर डोक्यात घेऊनच घरी गेली! तो आहे की नाही, हे तिला कुणी सांगितलंच नाही. त्या रात्रीही तिला झोप लागली नसेल.

उद्या ओपीडी संपली की आशाताईला गाडीवर मागे बसवा आणि तिच्या घरी जा. निरोप धाडून बोलावू नका, तिची मजुरी बुडते. गेल्यावर आधी म्हणा, 'ताई, परवा माझं चुकलं.' मग फोन मागून घ्या, तोच स्क्रीनशॉट उघडा आणि तिला सांगू द्या. मध्ये बोलू नका.

पाटीसाठी जे पैसे काढले असतील त्यातून ओपीडीत टेबलाजवळ एक स्टूल आणा. तुमच्याकडे पेशंट उभ्यानंच बोलतात, असं मला का कोण जाणे वाटतंय.

तपासणीत काय निघालं ते कळवा. काही नाही निघालं तरी कळवा.