पत्र्यातून बाहेर पडलेला कण ओळखायचा कसा?

प्रश्न : धातूच्या पातळ फॉइलवर वेगवान कणांचा बीम (झोत) मारला आणि बाहेर पडलेले कण मोजले असं नेहमी वाचते, पण कण तर दिसत नाहीत, मग त्यातला प्रोटॉन कुठला नि अल्फा (हेलियमचं केंद्रक) कुठला हे कळतं कसं?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नुसती एनर्जी मोजून खरंच नाही कळत, कारण १० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे मिलियन इलेक्ट्रॉन-व्होल्ट, कणांची एनर्जी मोजायचं एकक) प्रोटॉन पण असतो आणि १० एमईव्हीचा अल्फा पण, डिटेक्टरला दोघे सारखेच. म्हणून दोन सिलिकॉन डिटेक्टर एकामागे एक लावतात, पुढचा पातळ, समजा २५ मायक्रॉनचा, आणि मागचा जाड, मिलिमीटरभर. आता या पातळ डिटेक्टरमधून जाताना तो अल्फा दोन-अडीच एमईव्ही टाकून जातो आणि प्रोटॉन जेमतेम ०.२, उरलेली एनर्जी मागच्यात जमा होते. दोन्ही आकडे ग्राफवर मांडले की प्रोटॉन, ड्युटेरॉन (एक प्रोटॉन नि एक न्यूट्रॉन जोडलेला कण), अल्फा यांचे वेगवेगळे वाकडे पट्टे उमटतात, बघायला मस्त दिसतं. फक्त फारच कमी एनर्जीचा अल्फा पुढच्यातच अडकतो, तो या पद्धतीत ओळखू येत नाही.

आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९८८ पासून पेलेट्रॉन म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र आहे, १४ मिलियन व्होल्टचं, तिथे असे प्रयोग होतात. सगळं व्हॅक्यूममध्ये, कारण साडेपाच एमईव्हीचा अल्फा हवेत ४ सेंटिमीटरच्या आसपासच जातो.

माझ्या मते खरी डोकेदुखी डिटेक्टर नाही, टार्गेट म्हणजे ज्यावर बीम मारतो ती फॉइल आहे. सोन्याची १ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरची फॉइल म्हणजे अर्धा मायक्रॉन फक्त, फ्रेमवर लावताना जोरात श्वास सोडला तरी फाटेल, आणि जाड घ्यावी तर कण बाहेर येता येताच एनर्जी घालवून बसतात. वर व्हॅक्यूम पंपाच्या तेलाची वाफ चेंबरमध्ये शिरली तर बीम पडतो तिथे कार्बनचा काळपट डाग धरतो, मग कार्बनमधून आलेले कण पण तुमच्या मोजणीत घुसतात. त्यामुळे नुसत्या कार्बन फॉइलवर वेगळा रन घेऊन ते वजा करावे लागतात, कंटाळवाणं काम आहे पण सुटका नाही.

न्यूट्रॉनला चार्ज नाही, त्यामुळे तो पातळ डिटेक्टरमध्ये अशी एनर्जी टाकत जात नाही, तिथे हे दोन डिटेक्टरचं गणित चालतच नाही, मग घड्याळ लावायचं, म्हणजे टार्गेटपासून डिटेक्टरपर्यंत पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. १ एमईव्हीच्या न्यूट्रॉनला १ मीटर जायला ७२ नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) लागतात आणि प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या गॅमा किरणाला ३.३, म्हणून गॅमा सगळ्यात आधी पोचतो आणि त्याच्यावरूनच वेळेचा झीरो ठरवता येतो.