आईच्या खोलीतला छुपा कॅमेरा आणि त्यात आलेलं नको ते चित्रण

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, नोकरी करते. माझी ७६ वर्षांची आई पक्षाघातानंतर दीड वर्ष अंथरुणावर आहे. उजवी बाजू लुळी पडली आहे, बोलणं अडखळतं, पण समजतं सगळं. सकाळी आठ ते रात्री आठ ब्युरोची बाई असायची. आईच्या चांगल्या हाताच्या मनगटावर वळ दिसायला लागले. विचारलं की ती तोंड फिरवायची. शेवटी मोबाइलच्या चार्जरसारखा दिसणारा कॅमेरा ऑनलाइन मागवून तिच्या खोलीत लावला. दुसऱ्याच दिवशी दिसलं, की बाईने आईचा हात ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधला आणि ती ओरडायला लागल्यावर तिच्या थोबाडीत मारली. पण त्याच चित्रणात सकाळी बाई दार लावून कपडे बदलतानाही आली आहे. ती बाथरूममध्ये बदलते असं मी धरून चालले होते. ते दिसल्याबरोबर मी तो भाग बंद केला. बाईला काढून टाकलं. आता ब्युरोवाले म्हणतात, 'न सांगता कॅमेरा लावलात, केस तुमच्यावरच होईल.' भाऊ म्हणतो, 'व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाक, आणि ती फार बोललीच तर तुझाही व्हिडिओ आहे म्हणून सांग.' मी काय करू?

उत्तर : ताई, कॅमेरा अजून त्या सॉकेटमध्ये असेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी बटण बंद करून या. असल्या कॅमेऱ्यांत कार्ड भरलं की जुन्यावर नवं चित्रण आपोआप चढतं. सलग रेकॉर्डिंगला तासाला साधारण एक जीबी लागतो, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड अडीच-तीन दिवसांत भरतं. बाई गेल्यानंतरची रिकामी खोली त्या ओढणीच्या चित्रणावर चढली, तर पुढे मी काय किंवा दुसरं कोणी काय, काही करू शकणार नाही.

बटण बंद केल्यावर कार्ड काढा. त्यातलं काहीही पुसू नका, कापू नका, कार्ड परत कॅमेऱ्यात घालू नका. शेजारचे दोन जबाबदार लोक बोलवा. त्यांच्यासमोर कार्ड आणि कॅमेरा एका लिफाफ्यात घालून चिकटवा आणि चिकटवलेल्या जागेवर तिघांनी तारीख-वेळ घालून सह्या करा. कॅमेरा कधी मागवला, कधी लावला, कोणी लावला, कार्ड कधी काढलं, हे एका कागदावर लिहा आणि खरेदीचं बिल त्याला जोडा. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच येतो, की मधल्या काळात हे कार्ड कोणाच्या हातात होतं.

आता ब्युरोच्या धमकीबद्दल. आपल्या घरात कॅमेरा लावायला सरसकट बंदी घालणारा कायदा नाही. घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने केलेल्या अशा नोंदी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातूनही वगळल्या आहेत. तेव्हा 'न सांगता लावला' एवढ्यावर केस उभी राहत नाही. प्रश्न आहे तो कॅमेऱ्याने काय टिपलं याचा, आणि तिथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ असं आहे, की कोणी पाहत नाही अशा खात्रीने एखादी स्त्री खाजगी कृती करत असताना तिला पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा गुन्हा. पहिल्या वेळी किमान एक आणि कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. जुन्या दंडविधानात आरोपी म्हणून 'पुरुष' हा शब्द होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत 'जो कोणी' असं आहे, म्हणजे ते कलम स्त्रीवरही लागू शकतं. बाई पगारी होती आणि घर तुमचं होतं, तरी दार लावून घेतल्यावर तिला तो आडोसा मिळायलाच हवा होता. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, तो तिचाही आहे.

तुमची बाजूही कमकुवत नाही. संमतीशिवाय खाजगी अंगाचं चित्रण करणं हा गुन्हा ठरवणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई मध्ये 'हेतुपुरस्सर किंवा जाणूनबुजून' असे शब्द आहेत. तुमचा हेतू आईला वाचवायचा होता, रोख पलंगावर होता, ती खोलीत कपडे बदलते हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि कळल्यावर तुम्ही पाहणं थांबवलंत. हे सगळं खरं असेल तर ते तक्रारीतच, पहिल्या दिवशीच, स्वतःहून लिहा. दडवलेली गोष्ट समोरच्या वकिलाने बाहेर काढली की आईच्या हातावरचे वळ राहतात बाजूला आणि खटला तुमच्या कॅमेऱ्यावर चालतो. तो भाग पुसायचा मोहही नको. पुसलेलं कार्ड म्हणजे छेडछाड केलेला पुरावा, आणि पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. अख्खं कार्ड जसंच्या तसं पोलिसांना द्या आणि सोबत लेखी विनंती करा, की त्या भागाची प्रत कोणालाही देऊ नये आणि न्यायालयात फक्त मारहाणीचा भाग दाखवला जावा.

तुमच्या भावाचा संताप मला कळतो. आईला बांधलेलं पाहिल्यावर कोणाचंही डोकं ठिकाणावर राहणार नाही. पण 'तुझाही व्हिडिओ आहे' हे वाक्य त्याने तोंडातून काढलं, की आतापर्यंत हेतू चांगला होता असं जे आपण म्हणू शकत होतो ते सगळं संपलं. ती न्याय संहितेच्या कलम ३५१ खालची धमकी होते आणि कॅमेरा त्याचसाठी लावला होता असं दिसायला लागतं. हे त्याला आज रात्रीच फोन करून स्पष्ट सांगा. ग्रुपवर मारहाणीची क्लिपसुद्धा टाकू नका. त्यात तुमची आई आहे, बांधलेली, अस्ताव्यस्त कपड्यांत. सोसायटीतल्या दोनशे फोनमध्ये ती तशी जाऊन बसली तर परत आणता येत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर गेलेली फाइल आकसते आणि मूळ फाइलशी जुळत नाही.

जुळण्याला एवढं महत्त्व का, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग. एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याने द्यायचा, म्हणजे तुम्ही, आणि दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश संख्या लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठाच समजा. व्हिडिओतला एक सेकंद कापला तरी ती बदलते. प्रमाणपत्राशिवाय नुसती प्रत चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, ठामपणे सांगितलं आहे. दुसरीकडे, नकळत केलेलं रेकॉर्डिंग एवढ्याच कारणाने फेकून दिलं जात नाही. मुंबईतल्या जुन्या मलकानी खटल्यापासून न्यायालयं तेच म्हणत आली आहेत, की रेकॉर्डिंग खटल्याच्या मुद्द्याशी संबंधित असावं, आवाज-चेहरा ओळखता यावा आणि छेडछाडीची शक्यता उरू नये.

तुम्ही जोडलेल्या एका फोटोकडे मी बराच वेळ पाहत होते. क्लिपच्या कोपऱ्यात दुपारचे २ वाजून १० मिनिटं झालेली दिसतात. पलंगामागच्या भिंतीवरच्या घड्याळात मात्र ११ वाजून ४० मिनिटं आहेत. फरक बरोबर अडीच तासांचा. स्वस्त कॅमेरे बरेचदा चीनच्या वेळेवर लावलेले येतात आणि ती वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. बाई म्हणेल, दोन वाजता मी जेवायला बसले होते. म्हणून हा फरक तक्रारीत लिहा, भिंतीवरच्या घड्याळाचा उल्लेख करा, आणि कॅमेऱ्याची वेळ आता 'दुरुस्त' करायला जाऊ नका. ते भिंतीवरचं घड्याळही जागचं हलवू नका.

तक्रार रबाळे पोलीस ठाण्यात. ती कशी लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. 'बाईने आईला चापट मारली' एवढंच लिहिलंत तर ते न्याय संहितेचं कलम ११५(२), अदखलपात्र. ठाणे अंमलदार एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेईल, तुम्हाला पावती मिळेल आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास पुढे सरकणार नाही. पण हालचाल करू शकणारा एकमेव हात कठड्याला बांधून ठेवणं हे कलम १२७ चं अन्यायकारक बंदिवासाचं प्रकरण आहे, आणि ते दखलपात्र आहे. म्हणून आधी बांधणं लिहा, किती वेळ बांधलं ते लिहा, मग मारणं. तरीही एनसीवरच बोळवण झाली तर पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज द्या आणि त्यानंतर बेलापूरच्या न्यायालयात दाद मागा.

त्याच्याही आधी आईला डॉक्टरकडे न्या. वळ निळे असतात, मग हिरवट होतात, मग पिवळे पडून जातात. आठ-पंधरा दिवसांत काही उरत नाही. ऐरोलीतच पालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे. तिथे मारहाणीचं सांगा आणि मेडिको-लीगल नोंद, म्हणजे पोलीस केससाठीची वैद्यकीय नोंद, करायला लावा. वळांचे फोटो शेजारी पट्टी धरून काढा. जबाबासाठी मात्र आईला पोलीस ठाण्यात नेण्याची गरज नाही. साठीच्या पुढच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला साक्षीसाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, हे फौजदारी कामकाजाच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये आहे. पोलिसांनी घरी यायचं. बोलणं अडखळतं म्हणून तिचा जबाब टाळू देऊ नका. खुणांनी दिलेला जबाबही जबाबच असतो.

पुढच्या बाईसाठी कॅमेरा ठेवायचा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्ही ठेवालच म्हणून सांगते. ठेवा, पण छुपा नको. छुप्या कॅमेऱ्याने तुम्हाला कळलं ते मार बसल्यावर. समोर दिसणारा, सांगून लावलेला कॅमेरा असता तर तो हात बहुधा उचललाच गेला नसता, आणि तुम्हाला पुरावा नको आहे, आई सुखरूप हवी आहे. 'या खोलीत कॅमेरा आहे, कपडे बदलायला बाथरूम आहे' असं तिला कळेल त्या भाषेत लिहून सही घ्या. बाथरूमची कडी नीट लागते ना ते बघा. कॅमेरा थेट विजेवर चालणारा घ्या. बॅटरीवाले इवलेसे डबे तासा-दोन तासांत मान टाकतात. बिल आणि बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी असलेला घ्या. कुठल्या तरी अनोळखी अॅपवर, आलेल्याच पासवर्डने चालवलात तर आईचा पलंग परक्या माणसाच्या फोनवर दिसू शकतो, म्हणून पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. आवाज बंद ठेवा. बाई आपल्या मुलांशी फोनवर काय बोलते हे ऐकण्याचा आपल्याला अधिकार नाही.

या सगळ्यात बाईचा खाजगीपणा, तुमचा बचाव, ब्युरोची धमकी यावर पानभर झालं. आईला कोणी विचारलं का? तिचं अंग पुसलं जातं, डायपर बदललं जातं ते त्याच पलंगावर, त्याच कॅमेऱ्यासमोर. तिला समजतं असं तुम्हीच लिहिलं आहे. शेजारी बसून सांगा, की कॅमेरा लावला होता, त्यात काय दिसलं, आणि आता पुन्हा लावू का. हवा तर डावा हात दाब म्हणा. अंग पुसायच्या वेळी भिंगावर झाकण लावायचं ठरवा आणि ते झाकण कुठे ठेवलं आहे हे तिलाही दिसू द्या. नको म्हणाली तर खोलीऐवजी हॉलमध्ये, खोलीच्या दाराकडे तोंड करून लावा.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना लिफाफा सोबत न्या, पण तो तिथे फोडू देऊ नका.