सहावीच्या मुलांकडून चालणारी छोटी पवनचक्की कमी खर्चात कशी करून घ्यावी?

मी वर्गात हे दरवर्षी करून घेते. भंगारवाल्याकडून जुन्या प्रिंटरमधली डीसी मोटर आणा; तिचा दांडा वाऱ्याने फिरवला की तीच वीज तयार करते. खेळण्यातली मोटरही चालते, पण तिला खूप वेगाने फिरावं लागतं. प्रिंटरची मोटर सावकाश फिरूनही बरं व्होल्टेज देते. दांड्यावर बूच घट्ट बसवायचं, त्यात आइस्क्रीमच्या काड्यांवर चिकटवलेली पुठ्ठ्याची पाती खोचायची आणि समोर टेबल फॅन ठेवायचा.

पाती मात्र तुम्ही लावून देऊ नका. बहुतेक मुलं ती वाऱ्यासमोर अगदी सपाट लावतात. फॅन सुरू होतो, चक्की ढिम्म हलत नाही. इथं उत्तर सांगायचा मोह आवरा. थोड्या वेळाने कुणीतरी काड्या बोटांनी जराशा तिरक्या करतं आणि चक्की गरगरायला लागते. मग 10, 20, 40 अंशांवर मोटरच्या तारांना जोडलेला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं उपकरण) काय दाखवतो ते मुलांनाच वहीत लिहू द्या. खरं शिकणं इथंच होतं.

मग त्याच तारांना लाल एलईडी (छोटा दिवा) जोडा; त्याला साधारण 2 व्होल्ट लागतात. पेटला नाही तर आधी तारा उलट जोडून बघा. फिरत्या पात्यांच्या रेषेत कुणी उभं राहू नये, काडी सुटून डोळ्याला लागू शकते.

मोठ्या मुलांना एवढं जरूर सांगा: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या उंच पठारावर का उभ्या केल्यात, हे त्यांना लगेच कळतं.