फॉर्म्युला वन ही खरोखर तंत्रज्ञानाची स्पर्धा आहे की निव्वळ करमणूक?

दोन्ही आहे, पण दोघांचं भांडण लागलं की बहुतेक वेळा करमणूक जिंकते. पुरावा नियमांतच सापडतो. 1992 मध्ये विल्यम्स संघाच्या गाडीने अ‍ॅक्टिव्ह सस्पेन्शनच्या (संगणकाने गाडीची उंची आणि तोल सतत सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) जोरावर बाकीच्यांना पार मागे टाकलं. 1994 पासून ते सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल (वेग घेताना चाकं जागीच फिरू न देणारी यंत्रणा) आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांवर बंदी आली. म्हणजे आज साध्या हॅचबॅकमध्ये मिळणारं एबीएस जगातल्या सगळ्यात महागड्या रेसिंग गाड्यांत चालत नाही! टायरचं तर आणखी गमतीशीर. 2011 मध्ये पिरेली ही टायर कंपनी आली तेव्हा तिला मुद्दाम लवकर झिजणारे टायर बनवायला सांगितलं होतं, कारण जास्त पिट स्टॉप (टायर बदलायला शर्यतीत घेतलेले थांबे) म्हणजे जास्त उलथापालथ. त्याच वर्षी डीआरएस (ड्रॅग रिडक्शन सिस्टिम, म्हणजे हवेचा अडथळा कमी करणारी सोय) आलं: पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असाल, तर ठरलेल्या पट्ट्यात मागची विंग उघडून वेग वाढवता येई. ज्याच्या पुढे जायचं, त्याला मात्र बचावासाठी ही सोय नव्हती. निव्वळ अभियांत्रिकीच्या स्पर्धेत असा नियम कोण करेल?

अपवाद इंजिनाचा. 2014 चं 1.6 लिटर हायब्रिड इंजिन कारखानदारांच्या आग्रहाने आलं. आवाज मवाळ झाला म्हणून प्रेक्षक कुरकुरले, मर्सिडीजने 2021 पर्यंत सलग आठ संघविजेतेपदं नेली, आणि तरीही ते 2025 पर्यंत टिकलं.