झुरळाला घोटा असतो का?

प्रश्न : मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात झुरळाच्या पायाचे भाग फीमर (मांडी), टिबिया (नडगी), टार्सस (पाऊल) असे दाखवले आहेत. हीच नावे आपल्या हाडांचीही. मग झुरळाला घोटा असतो का? आणि आपला पाय मुरगळला की बहुतेक वेळा बाहेरूनच का सुजतो?

उत्तर : नावे उसनी आहेत. माणसाच्या सांगाड्यातली नावे कीटकाच्या पायाला दिली गेली, एवढाच संबंध.

आधी तुमचा घोटा चाचपून पाहा. बाहेरचे टोक आतल्यापेक्षा खाली उतरलेले लागेल. नडगीचे हाड आणि तिच्या बाजूचे बारीक हाड यांच्या टोकांमध्ये खाच असते आणि तिच्यात टॅलस हे हाड बसते. बाहेरची भिंत लांब असल्याने पाऊल बाहेर कलंडत नाही, आत मात्र सहज वळते. त्यात टॅलस पुढे रुंद, मागे अरुंद. चवडा खाली झुकला की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा ढिला पडतो. जिन्याची पायरी चुकते तेव्हा नेमके हेच होते. चवडा आधी टेकतो, तळवा आत वळतो आणि बाहेरच्या घोट्यापासून टॅलसकडे जाणारा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला वा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तोही दाबून पाहा. तिथले हाड मोडलेले असूनही पाय मुरगळल्यासारखाच वाटतो.

झुरळाचा टार्सस टिबियाला जोडतो ती जागा घोट्याची म्हणता येईल, पण तिथे ना हाड, ना अस्थिबंध. बाहेर कवच, आत पोकळी. टार्ससला पाच पेरे, टोकाला दोन नख्या. पेरांच्या आत स्नायूच नसतात. नख्या ओढणारे स्नायू वर, फीमर आणि टिबियात असतात. त्यांची लांब दोरी सगळ्या पेरांमधून नख्यांपर्यंत जाते. नख्या पुन्हा उघडायला वेगळा स्नायू नाही, ओढ सुटली की त्या आपोआप सरळ होतात.

हे घरी पाहता येते. नुकतेच मेलेले झुरळ घ्या. वाळलेले असेल तर पेरे तुटतात, म्हणून ते बंद डबीत ओल्या टिशूवर रात्रभर ठेवा. टिबियाचे कवच मध्यावर ब्लेडने गोल कापून दोन्ही भाग हलकेच दूर करा. फिकट धागा दिसला की तो चिमट्याने अलगद ओढा आणि दहापट भिंगातून नख्या मिटताना बघा. नंतर हात साबणाने धुवा.

पेरे मोजायलाही विसरू नका. पिल्लाचा तुटलेला पाय कात टाकताना पुन्हा उगवतो, पण नव्या टार्ससला बहुधा चारच पेरे येतात. एका पायाला चार पेरे दिसली, तर तो पाय पिल्लू असतानाच तुटला होता असे समजा.